देवगिरीच्या दारातला हौद

(खुलताबाद येथील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत 'पूर्वग्रहाचे मानसशास्त्र' या विषयावर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



हा विषय मला देताना संयोजकांनी एक अपेक्षा व्यक्त केली होती. वंशद्वेष म्हटला की आपल्याकडे अमेरिकेतील गोऱ्या-काळ्यांचा संघर्ष तेवढा डोळ्यांपुढे येतो. तेव्हा जगाचे जे सांगायचे ते जरूर सांगा, पण आपल्या मातीतले सांगा, असे त्यांचे म्हणणे होते. खुलताबादेत ही अपेक्षा पूर्ण करणे अवघड नाही. या विषयाचे दोन मोठे धडे देणारी दोन स्थळे आपल्या परिसरातच आहेत. एक या गावात आणि दुसरे देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्याच्या दारात.

खुलताबादचे नाव निघाले की वर्तमानपत्रांना एकच कबर आठवते. मार्च २०२५ मध्ये तिच्यावरून किती शाई खर्ची पडली आणि नागपुरात काय घडले, ते आपणांस ठाऊक आहे. औरंगजेबाच्या कर्तृत्वाविषयी या सभागृहात मतभेद असण्याचे कारण नाही, म्हणून तो विषय मी बाजूला ठेवतो. याच गावात आणखी एक कबर आहे, मलिक अंबरची. तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

हा माणूस सुमारे १५४८ साली अबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मला. गुलाम म्हणून तो बाजारातून बाजारात विकला गेला आणि अखेर दक्षिणेत येऊन पोहोचला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. तो चंगीझखानही हबशीच होता. पुढे हाच गुलाम निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६१० साली त्याने खडकी वसवली. ती खडकी म्हणजे आपले आजचे छत्रपती संभाजीनगर. डोंगरातले पाणी खापरी नळांनी शहरात आणणारी त्याची नहर शतकानुशतके शहराची तहान भागवीत राहिली. १६२४ साली भातवडीच्या लढाईत मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजांचा त्याने पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढत होते. मराठ्यांच्या गनिमी काव्याचा इतिहास सांगताना ग्रँट डफपासून आजपर्यंत कोणत्याही इतिहासकाराला अंबरचे नाव टाळता आलेले नाही.

या अंबरला जहांगीर कधीच जिंकू शकला नाही. मग त्याने काय केले? आपल्या आत्मचरित्रात त्याने अंबरचा उल्लेख जवळजवळ प्रत्येक वेळी त्याच्या काळ्या रंगावरून शिवी देऊन केला. एवढ्याने समाधान झाले नाही, म्हणून सुमारे १६१६ मध्ये अबुल हसन या दरबारी चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्याच्या टोकावर खोचलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडीत आहे, असे ते चित्र आहे. ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. चित्रात अंबर मारला गेला. प्रत्यक्षात तो त्यानंतर दहा वर्षे लढत राहिला आणि १६२६ मध्ये वार्धक्याने गेला. तो गेल्यावर मात्र मोगलांच्याच दरबारातील मुतमदखान या इतिहासकाराने त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची तोंड भरून स्तुती केली. जिवंत शत्रूचा गुण कबूल करायला जो रंग आड येत होता, तो मेलेल्या शत्रूच्या बाबतीत आड आला नाही.

गैरसमज आणि पूर्वग्रह

या उदाहरणात पूर्वग्रहाचे अर्धे मानसशास्त्र आले आहे. जहांगीरला अंबरविषयी माहिती नव्हती काय? ती त्याच्याइतकी कोणालाच नव्हती! दरवर्षी त्याचे सरदार मार खाऊन परतत होते. पण माहितीमुळे मत बदलले नाही. माहिती जितकी प्रतिकूल, तितकी शिवी अधिक जहरी झाली. गॉर्डन ऑलपोर्ट हे हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ. १९५४ साली त्यांचा पूर्वग्रहाच्या स्वरूपावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि आजही या विषयाचा अभ्यास तेथूनच सुरू होतो. त्यांनी केलेला भेद फार उपयोगी आहे. अपुऱ्या माहितीवर मत बनवणे ही माणसाची रोजची गरज आहे. तसे केल्याशिवाय त्याला रस्तासुद्धा ओलांडता येणार नाही. नवी माहिती मिळताच जे मत बदलते तो गैरसमज. नवी माहिती समोर आली तरी जे बदलत नाही, उलट त्या माहितीवरच चिडून उठते, तो पूर्वग्रह.

आणि बदलावे लागू नये म्हणून पूर्वग्रह एक मोठी चतुर युक्ती करतो. तो अपवाद करतो. 'तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हो!' हे वाक्य आपण सर्वांनी कुठे ना कुठे ऐकले असेल. बोलणाऱ्याला ती स्तुती वाटते. ज्याला उद्देशून ते म्हटले जाते, तो कसनुसा हसतो. या वाक्याचा खरा अर्थ असा की, तुमच्यामुळे माझे मत मी बदलणार नाही. तुम्हाला कुंपणाबाहेर काढीन आणि कुंपण होते तसेच ठेवीन.

हे कुंपण मुळात किती क्षुल्लक कारणाने पडू शकते, याचा प्रयोग हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे केला. ताजफेल हे पोलंडमधील ज्यू. महायुद्धात ते फ्रान्सच्या सैन्यात होते, जर्मनांचे युद्धकैदी झाले आणि सुटून परत आले तेव्हा घरचे जवळजवळ कोणीच उरले नव्हते. शेजारी शेजाऱ्याचा वैरी कसा होतो, हा प्रश्न त्यांच्यासाठी ग्रंथातला नव्हता. त्यांनी शाळकरी मुलांचे दोन गट केले. तुम्हाला क्ले या चित्रकाराची चित्रे आवडली, तुम्हाला कँडिन्स्कीची, असे त्यांना सांगितले गेले. प्रत्यक्षात वाटणी वाटेल तशी केली होती. मुले एकमेकांशी बोलली नाहीत, कोण कोणत्या गटात आहे हेही त्यांना माहीत नव्हते. मग प्रत्येकाला इतरांत पैसे वाटायला सांगितले. मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले, यात नवल नाही. नवल पुढे आहे. आपल्या गटाला जास्तीत जास्त मिळावे यापेक्षा दुसऱ्या गटाशी अंतर राहावे, याकडे अनेकांचा कल दिसला. आपले चार पैसे कमी झाले तरी चालतील, पण त्यांच्यापेक्षा आपले अधिक असावेत!

ब्रिस्टलच्या मुलांनी जे पाच मिनिटांत केले, ते आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या झाले. येथून कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव. १९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सरकारी समितीच्या कामासाठी खानदेशात आले असता चाळीसगावच्या अस्पृश्य वस्तीतील मंडळींनी त्यांना आग्रहाने उतरवून घेतले. स्थानकावरून वस्तीत जायला टांगा हवा. एकही टांगेवाला त्यांना घेऊन जायला तयार होईना. अखेर तोड निघाली ती अशी की, टांगा भाड्याने मिळेल, पण टांगेवाला तो हाकणार नाही! मग वस्तीतल्याच एकाने, ज्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती, लगाम हाती धरला. वाटेतल्या मोरीवर टांग्याचे चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. विलायतेत शिकलेला बॅरिस्टर एका बाजूला आणि साधा टांगेवाला दुसऱ्या बाजूला. त्या टांगेवाल्यापाशी बॅरिस्टरची विद्या नव्हती. एक गोष्ट होती: आपण कोणाच्या तरी वर आहोत. ती तो भाड्याने द्यायला तयार नव्हता.

हौदाचे पाणी

आता दुसरे स्थळ. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले. नाशिकहून येवलेमार्गे बसगाड्या आणि मोटारी आल्या. प्रवासाचा गाजावाजा मुद्दामच केला नव्हता, कारण आडगावी अस्पृश्य प्रवाशाच्या वाट्याला काय येते, याचा त्यांना पुरता अनुभव होता. वाटेत देवगिरीचा किल्ला पाहावा असे ठरले. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला एक लहान हौद होता. धुळीने माखलेल्या काही मंडळींनी त्या पाण्याने हातपाय, तोंड धुतले आणि सर्वजण दरवाजाशी आले. इतक्यात मागून एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध मुसलमान जातिवाचक शिवी देत, यांनी हौद बाटवला, असे ओरडत धावत आला. पाहता पाहता जमाव गोळा झाला. आम्ही परगावचे, येथील रीत आम्हाला ठाऊक नाही, असे सांगून पाहिले. तर जमाव स्थानिक अस्पृश्यांवर उलटला. दंगल व्हायची तेवढी बाकी राहिली. अखेर बाबासाहेबांनी संतापून विचारले की, हे तुमचा धर्म शिकवतो काय? हाच माणूस उद्या मुसलमान झाला तर त्याला पाणी घेऊ देणार की नाही? जमाव गप्प झाला. पहारेकऱ्याने आत जाऊन परवानगी आणली. ती अशी की, किल्ला पाहता येईल, पण आत कोठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि तो नियम मोडला जात नाही ना, हे पाहायला एक सशस्त्र शिपाई बरोबर दिला.

ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवली आहे. त्यांच्या निधनानंतर १९९० साली ती आठवणींची छोटी पुस्तिका पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केली. त्याच पुस्तिकेत १९१७ सालच्या बडोद्याची हकिकत आहे. तेथे हिंदू खाणावळीत जागा मिळणार नाही म्हणून ते पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले होते आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढले.

मित्रहो, आपल्या वर्तुळात ही देवगिरीची हकिकत अधूनमधून सांगितली जाते. कशासाठी सांगितली जाते, याचा मात्र थोडा विचार केला पाहिजे. बहुधा ती 'पाहा, तेही काही कमी नव्हते' हे दाखवण्यासाठी सांगितली जाते. ती घटना खरी आहे, ती लपवण्याचे कारण नाही आणि समतेच्या गोष्टी सांगणाऱ्या धर्माच्या अनुयायांना बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न आजही विचारावा असाच आहे. परंतु त्या जमावाला हौद बाटतो हे शिकवले कोणी? त्यांच्या ग्रंथात ते नाही. ते आपल्या आळीत शिकले गेले. शेजारच्या घरातला रोग त्यांच्या घरात गेला, आणि त्या रोगाचे मूळ घर आपले होते. बाबासाहेबांनी ही हकिकत लिहिली तीही हेच सांगायला की, हिंदूला जो अस्पृश्य तो मुसलमानालाही अस्पृश्य आणि पारशालाही अस्पृश्य. पूर्वग्रह धर्मांतर करीत नाही. तो हवेसारखा असतो. त्या हवेत राहणारा प्रत्येकजण ती श्वासावाटे घेतो. देवगिरीची कथा सांगून जो केवळ मुसलमानांकडे बोट दाखवतो, त्याने तिचा अर्धाच भाग वाचलेला असतो. आणि समूहातील एकाच्या वागण्यावरून साऱ्या समूहाचे माप काढणे यालाच आपण मघापासून पूर्वग्रह म्हणत आलो आहोत. ते माप आपण काढले म्हणून त्याचे नाव बदलत नाही.

ही केवळ नव्वद वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणावी, तर तसेही नाही. भारत मानव विकास सर्वेक्षणात २०११-१२ साली देशभरातील सुमारे बेचाळीस हजार कुटुंबांना विचारले गेले. सुमारे २७ टक्के कुटुंबांनी आपल्या घरी कोणत्या ना कोणत्या रूपाने अस्पृश्यता पाळली जाते, हे स्वतःच्या तोंडाने कबूल केले. हिंदूंमध्ये हे प्रमाण सुमारे ३० टक्के, मुसलमानांमध्ये सुमारे १८ टक्के होते. जे कबूल केले नाही ते निराळेच. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले होते. फरक फक्त नावाचा. दलित नावाच्या आणि मुसलमान नावाच्या अर्जदारांना बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या अर्जदारापेक्षा कमी निघाली. अर्ज उघडणारा अधिकारी दुष्ट असेल असे नाही. तो कदाचित रोज देवपूजा करून कार्यालयात येणारा सज्जन गृहस्थ असेल. आडनाव वाचताना त्याची बोटे क्षणभर थबकली असतील, एवढेच.

पत्रकारितेत आयुष्य गेल्यामुळे मला एक ठिकाण नेहमी दिसते आणि ते म्हणजे आमच्याच वर्तमानपत्रांतील वधू-वर जाहिरातींचे पान. समाजाचे अग्रलेखात न दिसणारे मन या पानावर दिसते. 'जातीची अट नाही' असे मोठ्या औदार्याने लिहायचे आणि पुढे कंसात 'एस.सी., एस.टी. क्षमस्व'! एवढ्या चार शब्दांत क्षमाही मागितली जाते आणि दारही बंद केले जाते. शेजारच्याच जाहिरातीत मुलगी 'गोरी' हवी असते. मलिक अंबरला त्याच्या रंगावरून शिवी देणारा बादशहा परका होता म्हणून सुटका करून घ्यावी, तर हा स्तंभ आपल्या भाषेत, आपल्याच घरातून लिहून येतो.

आतून होणारी इजा

आतापर्यंत आपण पूर्वग्रह बाळगणाऱ्याच्या मनाचे बोललो. ज्याच्यावर तो लादला जातो, त्याच्या मनाचे काय होते? केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने १९४० च्या सुमारास अमेरिकेत तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. रंग सोडला तर सर्व बाबतींत सारख्या. चांगली बाहुली कोणती, असे विचारल्यावर बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली उचलली. वाईट कोणती, तर काळी. मग शेवटचा प्रश्न: यांतली तुझ्यासारखी कोणती? काही मुले रडू लागली, काही खोलीबाहेर पळाली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्या निकालपत्रात या अभ्यासाचा उल्लेख आहे.

आपल्याकडे कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची वाट शोधण्याची कोडी सोडवायला दिली. २००४ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आहे. जितकी कोडी सुटतील तितके पैसे. जात उच्चारली गेली नाही तेव्हा उच्च मानल्या गेलेल्या आणि दलित मुलांची कामगिरी जवळजवळ सारखी होती. मग सर्वांदेखत प्रत्येकाचे नाव, गाव आणि जात वाचून दाखवली. दलित मुलांची कामगिरी खाली आली. बुद्धी तीच, कोडी तीच, बक्षीस तेच. मध्ये फक्त एक शब्द उच्चारला गेला. 'गुणवत्ता' या विषयावर आपल्याकडे तावातावाने वाद होतात. तेव्हा त्या वर्गातील तो एक शब्द मला आठवतो. २०२३ साली नागपुरात बोलताना सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी, आपल्याच बांधवांना आपण शतकानुशतके मागे ठेवले आणि विषमता आहे तोवर आरक्षण राहिले पाहिजे, असे स्पष्ट सांगितले. आपल्यातील काहींना ते रुचले नव्हते. त्यांनी हा प्रयोग वाचावा.

ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रहाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत: आधी टिंगलीचे बोलणे, मग टाळणे, मग भेदभाव, मग हल्ला आणि शेवटी संहार. पहिली पायरी निरुपद्रवी वाटते, म्हणून तिच्यावर सगळेच उभे असतात. मराठवाड्याला हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगावी दलितांची घरे पेटली. एका महापुरुषाचे नाव विद्यापीठाच्या पाटीवर यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. सोळा वर्षे! त्या आगी एका रात्रीत लागल्या, पण सरपण पारावरच्या गप्पांत कित्येक वर्षे गोळा होत होते.

मग उपाय काय?

नुसत्या उपदेशाचा उपयोग मर्यादित असतो. सभेत टाळ्या वाजवणारा हात घरी गेल्यावर वेगळा पेला पुढे करू शकतो. मानसशास्त्राचा अनुभव असा की, मन बदलले की वागणे बदलते यापेक्षा वागणे बदलले की मन त्याच्यामागून येते, हे अधिक वेळा घडते. ऑलपोर्ट म्हणतात की, दोन समूहांचा सहवास घडावा, पण सहवास कसाही चालत नाही. मालक आणि गडी आयुष्यभर एकत्र असतात, त्यातून पूर्वग्रह जात नाही. सहवास बरोबरीच्या नात्याने हवा, दोघांचे उद्दिष्ट एक हवे, ते एकमेकांच्या साहाय्यावाचून साधणार नाही असे हवे, आणि ज्यांचा शब्द चालतो त्या वडीलधाऱ्यांचा त्याला उघड पाठिंबा हवा.

हा ग्रंथ येण्याच्या पंचवीस वर्षे आधी रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी नेमके हेच केले. शाळांमधून अस्पृश्य मुलांना वेगळे बसवण्याची चाल मोडून मुले सरमिसळ बसवावीत, यासाठी त्यांनी एकेका शाळेचा पाठपुरावा केला. सहभोजने घातली. १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने सर्व हिंदूंना खुले असलेले पतितपावन मंदिर उभे राहिले. १९३४ च्या डिसेंबरात, म्हणजे देवगिरीची घटना घडली त्याच वर्षी, महात्मा गांधी वर्ध्याच्या संघशिबिरात गेले होते आणि तेथे अस्पृश्यता नाही हे पाहून प्रभावित झाल्याचे त्यांनी पुढे स्वतः सांगितले. ही आठवण आपण वारंवार सांगतो, आणि ती अभिमानाचीच आहे. पण शिबिर काही दिवसांचे असते. तेथे सर्वांचा गणवेश एक, ताट एक, कार्यक्रम एक. तेथून घरी गेल्यावर स्वयंपाकघराचे, शेताच्या बांधाचे आणि मुलीच्या लग्नाचे नियम वेगळे असतात, आणि पूर्वग्रह तेथे राहतो. बाळासाहेब देवरसांनी ८ मे १९७४ रोजी पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत अस्पृश्यतेच्या समर्थनाला कसलीही पळवाट ठेवली नाही. त्या भाषणाला पन्नास वर्षे उलटून गेली. ज्यांनी ते ऐकले, त्यांच्या नातवंडांची लग्ने कोणत्या जाहिराती देऊन ठरतात, हा प्रश्न विचारायला हवा.

घरापर्यंत पोहोचलेला एक प्रयत्न मात्र मला सांगावासा वाटतो. विद्यार्थी परिषदेने १९६६ साली पूर्वांचलातील विद्यार्थ्यांना इतर राज्यांतील कुटुंबांत पाहुणे म्हणून ठेवण्याचा 'अंतरराज्य छात्र जीवन दर्शन' हा उपक्रम सुरू केला. पद्मनाभ आचार्य त्याचे एक प्रमुख शिल्पकार. ते पुढे नागालँडचे राज्यपाल झाले. नागा किंवा मिझो मुलगा दादर-ठाण्याच्या मराठी घरात राहतो, आजीच्या हातचे थालीपीठ खातो, तेव्हा आजीच्या मनातला 'चिनी दिसणारा' कोणी परका नाहीसा होतो आणि एक नाव असलेला नातू तिला मिळतो. हे काम किती थोडे आणि किती आवश्यक होते, ते ऑगस्ट २०१२ मध्ये दिसले. अफवा आणि धमक्यांमुळे पुण्यातून ईशान्येकडील हजारो तरुण मिळेल त्या गाडीने पळाले. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलचा निडो तानिया हा विद्यार्थी त्याच्या केसांवरून झालेल्या टिंगलीतून सुरू झालेल्या भांडणात जिवाला मुकला. ऑलपोर्टची पहिली पायरी आणि चौथी पायरी यांच्यात एखाद्या दुपारचेच अंतर होते.

आणि अखेर पुन्हा देवगिरीकडे. ज्या किल्ल्याच्या दारात १९३४ साली पाण्याला हात लावायला बंदी झाली, त्याच किल्ल्यावर सोळाव्या शतकात जनार्दनस्वामी किल्लेदार होते आणि पैठणहून आलेला एकनाथ नावाचा मुलगा त्यांच्यापाशी शिकत होता. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्याचे मूल नाथांनी कडेवर घेतले, ही कथा आपण लहानपणी वाचली. मला त्यांची आणखी एक गोष्ट अधिक विलक्षण वाटते. नाथांनी महाराच्या मुखाने बोलणारी जोहाराची भारुडे लिहिली. पैठणचा ब्राह्मण सर्वांसमोर 'मी महार' म्हणून बोलू लागतो! दुसऱ्याविषयी करुणा वाटणे सोपे. त्याच्या जागेवरून बोलून पाहणे फार अवघड. त्याच नाथांचा 'हिंदू-तुर्क संवाद' आहे. त्यात दोघे एकमेकांच्या आचारांची यथेच्छ निंदा करतात. काही म्हणून शिल्लक ठेवत नाहीत. आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. आपला मुद्दा कोणीच सोडलेला नाही, पण समोरच्याचे शेवटपर्यंत ऐकून घेतले आहे. चारशे वर्षांपूर्वी हे ज्या जिल्ह्यात लिहिले गेले, त्या जिल्ह्यात आपण बसलो आहोत.

एक मंदिर, एक पाणवठा, एक स्मशान हे सूत्र आता सर्वांना पाठ आहे. डॉ. बाबा आढाव यांनी १९७० नंतरच्या दशकात 'एक गाव, एक पाणवठा' म्हणून महाराष्ट्र पालथा घातला, तेव्हा आपल्यातील कितीजण त्यांच्याबरोबर गेले, हे आज विचारून उपयोग नाही. आज विचारण्यासारखे इतके आहे की, या तालुक्यातील प्रत्येक गावात स्मशानाची शेड किती आणि कोणाच्या वापरात, पाण्याच्या टाकीवर कोणत्या वस्तीची पाळी शेवटी येते, आणि भद्रा मारुतीच्या यात्रेला निघणाऱ्या दिंडीत गावच्या कोणत्या आळीतील माणसे नसतात. समोर बसलेल्या तरुण कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की, ही माहिती ऐकीव न घेता स्वतः गावात जाऊन, त्या त्या वस्तीत बसून, तेथील चहा घेऊन लिहून आणावी. संयोजकांनी पुढील महिन्यात याच ठिकाणी बैठक ठेवली आहे. ते कागद तेथे वाचले जावेत, आणि ज्या गावांत स्मशाने दोन आहेत, त्या गावांतील आपल्याच ज्येष्ठांना त्या बैठकीचे निमंत्रण आधी जावे.